कोलायटिस असताना पायाला जखम झाली तर आधी बाटल्या दोन मागा : माझा अनुभव

त्वचेचे डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, रजेचा अर्ज, सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी जखमेचा तुकडा घेण्याच्या, खोलीत, आणि तो राग अजून गेलेला नाही.

नडगीवरच्या जखमेची कडा जांभळट होती, आतून पोखरल्यासारखी, आणि दुखणं जखमेच्या मानाने फार जास्त. आमच्या सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत अशी जखम चिखलातली किंवा साखरेची समजतात आणि कात्रीने साफ करायला घेतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (दोन्ही आतड्याच्या सुजेचे जुनाट आजार) असेल तर आधी थांबवा. पायोडर्मा गँग्रिनोसम (आतड्याच्या अशा आजारात होणारी, जंतूंमुळे नसलेली त्वचेची जखम) असेल तर कापल्याने जखम पसरते. चिकटपट्टी ओरबाडून काढली तरी नवा फोड येऊ शकतो, म्हणून न चिकटणारी जाळी आणि वरून सैल बँडेज. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, सलाईनने धुवा.

पायोडर्मा ठरवायला जंतुसंसर्ग नाही हे दाखवावं लागतं. त्यासाठी कडेचा तुकडा घेतात. एक भाग पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, निर्जंतुक सलाईनमध्ये. तिथे सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे कल्चर होईना. कल्चर नाही म्हणून स्टेरॉइड सुरू करेनात. आणि पुन्हा तुकडा घ्यायचा म्हणजे त्याच पायाला पुन्हा इजा. एका बाटलीपायी उपचार लटकले. सुई लावण्याआधीच विचारा, "सलाईनची बाटली कुठाय?" चिठ्ठीवर आतड्याचा आजार, पायोडर्माची शंका, आणि जिवाणू, क्षयरोग, बुरशी तिन्हींचं कल्चर असं लिहून घ्या. क्षयरोगाच्या कल्चरला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर थांबायचं की नाही हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

जखमेऐवजी तांबड्या, दुखऱ्या, न फुटणाऱ्या गाठी आल्या तर तो बहुधा एरिथेमा नोडोसम, आतड्याच्या आजारातलाच दुसरा त्वचेचा त्रास. आतडं शांत झालं की त्या बसतात. पायोडर्माचं तसं नाही, पोट ठीक असतानाही तो येतो.

स्टेरॉइडने दुखणं लवकर उतरतं, जखम भरायला मात्र महिने जातात. गोळी मनाने बंद करू नका. इन्फ्लिक्सिमॅब (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं, शिरेतून द्यायचं औषध) ठरलं तर आधी छातीचा एक्स-रे, क्षयरोगाची चाचणी आणि हिपॅटायटिस बी. ते आतड्यालाही लागू पडतं, म्हणून पोटाच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांनी एकाच फाईलवर लिहावं.

आणि हो, दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. कडा सरकतेय की नाही, ते डॉक्टरांना त्यातूनच कळतं.