साडेचोवीस मिलिमीटरचं दार

निवृत्त झाल्यावर मी स्वतःला एक आगगाडी घेतली. इंजिन, चार डबे आणि अंड्याच्या आकाराचा रूळ. मागच्या खोलीत सहा बाय साडेतीनचं प्लायवुड टाकलं, बटण फिरवलं आणि आठवडाभर ती इमानेइतबारे गोल गोल फिरली. आठव्या दिवशी आई काठी टेकत आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे रे. पण ही थांबते कुठे?"

झालं. त्या दिवसापासून मी बांधकाम खात्यात आहे.

कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे मी आधी तीनदा जाऊन आलो होतो आणि तिन्ही वेळा गाड्याच बघितल्या होत्या. चौथ्यांदा गेलो ते फक्त घरं बघायला. शेजारची पोरं "आली, आली!" म्हणून उड्या मारत होती आणि मी मान वाकडी करून पागोळ्या कुठे पडतील ते बघत होतो.

एवढ्यात जर्मनीतल्या भाच्याने फालर कंपनीचं घर आणलं. सुटे भाग जोडून उभं करायचं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावी फालर नावाच्या दोघा भावांनी १९४६ साली हा उद्योग सुरू केला. काम असं चोख की दोन संध्याकाळी घर तयार, खिडकीखाली फुलांच्या कुंड्यांसकट. छप्पर उभ्या उताराचं, बर्फ घसरून पडावा म्हणून. ते प्लायवुडवर ठेवलं आणि माझा सगळा सातारा जिल्हा बघता बघता जर्मनीत गेला! इंजिनाचं तसं नव्हतं. ते अमेरिकन डिझेल असूनही खपून गेलं होतं, कारण आपल्याकडे १९६२ साली आलेलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मुळात अमेरिकेतल्या अल्को कंपनीचंच. गाडी कुठलीही चालते. घर मात्र लगेच गाव सांगतं. फालरचं घर आता काचेच्या कपाटात, चहाच्या कपांशेजारी आहे.

म्हणजे आपलं स्टेशन आपणच बांधायचं. आईच्या माहेरचं, पुणे-मिरज मार्गावरचं. तिच्या लहानपणी तिथे मीटरगेज होती. काळ्या दगडाची बैठी इमारत, मंगलोरी कौलं, बाजूला कडुनिंब.

माझ्या गाडीचं माप एचओ, म्हणजे एकास ८७. सोपा हिशोब असा की खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. मी पाच फूट सहा इंच. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतरही बरोबर तेवढंच, १६७६ मिलिमीटर. (मी रुळांवर आडवा झालो तर अगदी मापात बसेन, हे मी घरी सांगितलेलं नाही.) या मापात मी होतो सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारातला रूळ मात्र साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या चार फूट साडेआठ इंचांवरून काढलेला. तेव्हा माझी रेल्वे ना धड ब्रॉडगेज, ना आईची मीटरगेज. त्याची खंत मी एक दिवस केली आणि सोडून दिली.

दाराचं तसं सोडून देता येत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण महाराजांना बसवायचो ते बुरुजापेक्षा उंच, आणि तोफेपेक्षा पहारेकऱ्याचा भाला लांब. आळीवाच्या हिरवळीत ते सगळं शोभायचं, कारण तिथे कुणी माप मागत नाही. पण गाडी शेजारून गेली की डोळा ताबडतोब पट्टी काढतो, आणि ती पट्टी लावतो दाराला. खरं स्टेशन साठ फूट लांब, म्हणजे माझ्याकडे एकवीस सेंटिमीटर हवं. जागा होती चौदाची. मी एक अख्खी खोली गाळली, पाच दारांची तीन केली, आणि आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही, आईच्यासुद्धा. पण पहिल्या प्रयत्नात सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरऐवजी तीस झालं होतं. स्टेशनचं एकदम गोदाम झालं. बायको चहा ठेवायला आली, बघून म्हणाली, "अहो, हत्ती येणारेत का?"

मग मी शहाणपणा केला आणि स्टेशन बाजूला ठेवून फाटकवाल्याची गुमटी करायला घेतली. आठ फूट बाय आठ फूट, म्हणजे काडेपेटीहून लहान. एक दार, एक खिडकी, एकाच बाजूला उतरतं छप्पर. तीन गुमट्या केराच्या टोपलीत गेल्या, चौथी उभी राहिली. फेकताना जीव तुटणार नाही अशीच इमारत पहिली करावी.

माल सगळा घरचा. भिंतींना लग्नपत्रिका. हल्लीच्या पत्रिका पुठ्ठ्याला लाजवतील इतक्या जाड असतात. तिकीटघराच्या आतल्या बाजूला 'आपले नम्र' अजून वाचता येतं आणि स्टेशनमास्तरांच्या खोलीत कुणाचा तरी सीमांतपूजनाचा मुहूर्त आहे. काचांना मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण, गजांना मच्छरदाणीची जाळी. दगड उठवायला संपलेली रिफिल. पत्रिकेवर दाबून रेघ ओढायची, आधी आडवे थर, मग उभे सांधे, आणि दोन थरांचे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. गवंडी हेच करतो. राखाडी रंगाचा हात दिला, कोरड्या कुंचल्याने वरून किंचित पांढरं पुसलं, की रिफिलच्या खाचा काळ्या राहतात आणि भिंत एकाएकी जड दिसायला लागते. ही दोन मिनिटं मला गाडी फिरवण्यापेक्षा जास्त आवडतात.

चिकटवायला आईने मैद्याची खळ सुचवली. "त्यात मोरचूद घाल हो, किडामुंगी लागत नाही," असंही म्हणाली. मोरचूद आणायला कोण जाणार, म्हणून मी तशीच शिजवली. जुलैचे दिवस. सकाळी बघतो तर स्टेशनची पुढची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आलेली. ओली खळ एकाच अंगाला लागली की कागद त्या अंगाने फुगतो आणि वाळताना भिंतीला ओढून वाकवतो. दुसऱ्या अंगालाही तसाच कागद लावायचा, मग ओढ सारखी होते. आतून आइस्क्रीमच्या काड्यांचे टेकू द्यायचे आणि वाळेपर्यंत वजन ठेवायचं. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा त्या कामी आला. बायको म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोगी पडले.

कौलांनी मात्र घाम काढला. कौल मांडल्यावर त्याचं जेवढं अंग उघडं दिसतं ते माझ्या मापात साधारण सव्वादोन मिलिमीटर रुंद. एकेक कापायचं म्हटलं तर कौलं शेकड्यांनी मोजावी लागतील, आणि मी रिटायर झालोय, वेडा झालेलो नाही. बल्बच्या खोक्यातला नालीदार कागद घेतला. त्याच्या नाल्या मोजल्या तर जरा मोठ्याच, पण बघणारा कौलं मोजत नाही, ओळी बघतो. चार-चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि वळचणीकडून वर, एकावर एक किंचित चढवत लावत गेलो. विटकरी रंगात मधेच तीन-चार काळपट, दोन नवी लालभडक. कारण जुन्या छपरावर माकडांनी फोडलेली कौलं बदललेली असतातच.

स्टेशनची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. ती स्टेपलरच्या पिनेची झाली. पिवळी पाटी सहा फुटी, म्हणजे एकवीस मिलिमीटर. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची भिंगातूनही वाचता येत नाही, तरी छापली आहे.

आईला दाखवलं. तिने चष्मा पुसून, पुन्हा लावून, बारकाईने पाहिलं. "पिंपळ कुठाय?" मी म्हटलं, कडुनिंब होता ना? "पिंपळ होता." बरं. "आणि हे इतकं स्वच्छ कसं?" मग दातकोरण्याने, काथाच्या रंगात, कोपऱ्याशी जमिनीपासून पाच मिलिमीटरवर पानाच्या पिचकाऱ्या मारल्या. एवढी जबाबदारीने मारलेली पिचकारी भारतीय रेल्वेच्या इतिहासात नसेल. "हां," आई म्हणाली.

परवा दुपारी गाडी लावायला गेलो तर फलाटावर काहीतरी हललं. मुंगळा. मैद्याच्या वासाने आला असणार, मोरचूद नव्हताच. चांगला सेंटिमीटरभर लांब. सवयीने गुणाकार झाला: ८७ सेंटिमीटर. वासरूच की! ते तिकीटघराच्या दारापाशी घुटमळलं, पिचकारीचा वास घेतला आणि फलाटाच्या कडेने रमतगमत गुमटीकडे निघालं. मी गाडी थांबवून धरली.