इंग्रजी वाक्य पूर्ण झालं की नाही, ते क्रियापदावरून बघा

घणसोलीत आमच्या सोसायटीतली आठवी-नववीची मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला बसतात आणि निबंध तपासताना माझा लाल पेन स्पेलिंगपेक्षा जास्त चालतो तो अर्धवट वाक्यांवर. व्याख्या मात्र सगळ्यांना पाठ, पूर्ण विचार सांगतं ते पूर्ण वाक्य. मला ही व्याख्या आपल्या मुलांसाठी अजिबात उपयोगाची वाटत नाही. मराठीत नुसतं ‘आलीस?’ म्हटलं तरी समोर कोण, मुलगा की मुलगी, सगळं कळतं. ‘माझे बाबा रिक्षाचालक’ यात तर क्रियापदच नाही, तरी कुणाला काही खटकत नाही. मग मुलगा ‘माय फादर ऑटो ड्रायव्हर’ लिहून फुलस्टॉप देतो, कारण त्याच्या डोक्यात विचार पूर्णच असतो ना!

म्हणून मी विचाराबिचाराचं सोडून आधी क्रियापद शोधायला लावते, आणि मग त्याचा कर्ता. हे बघा, ‘द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन इन इंडिया रनिंग फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे ऑन १६ एप्रिल १८५३.’ केवढं लांबलचक, तारीख आहे, दोन्ही स्टेशनं आहेत, पण वाक्य नाही. ‘रनिंग’ला एकट्याने काळ दाखवता येत नाही. त्याच्या जागी ‘रॅन’ टाका, झालं वाक्य. उलट ‘बर्ड्स फ्लाय’ दोनच शब्द, पण पूर्ण. ‘सिट!’ तर एकच शब्द, तरी पूर्ण, कारण आज्ञेत ‘यू’ धरलेलाच असतो. लांबीचा इथे काही संबंध नाही हे मुलांना पटायला वेळ लागतो, तो द्यावा.

खरा घोळ बिकॉजचा. ‘आय वॉज लेट. बिकॉज द लोकल वॉज कॅन्सल्ड.’ दुसऱ्या तुकड्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, काळही आहे, तरी तो एकटा चालत नाही, कारण बिकॉज लागला की त्याला मुख्य वाक्य सोबत लागतंच. ऑल्दो, इफ यांचंही तेच. मराठीत आपण ‘मला उशीर झाला. कारण लोकल रद्द झाली.’ असं बिनधास्त लिहितो, त्यामुळे इंग्रजीतही चुकलंय असं कानाला जाणवत नाही. आणि यावर उपाय म्हणून कितीतरी ठिकाणी ‘बिकॉजने वाक्य सुरूच करायचं नाही’ असं शिकवतात, ते चूक आहे! ‘बिकॉज द लोकल वॉज कॅन्सल्ड, आय वॉज लेट’ हे एकदम बरोबर वाक्य आहे, असले नियम पाठ करून मुलं उगाच घाबरतात.

शंका आली की वाक्याच्या आधी ‘इट इज ट्रू दॅट’ लावून मोठ्याने वाचायला सांगा. ‘इट इज ट्रू दॅट बर्ड्स फ्लाय’ नीट बसतं, ‘इट इज ट्रू दॅट बिकॉज द लोकल वॉज कॅन्सल्ड’ वाचल्यावर मुलं स्वतःच विचारतात, पुढे काय? फक्त प्रश्नाला आणि आज्ञेला ही टेस्ट लावू नका, तिथे ती चालत नाही.

आणि एक, हे सगळं निबंधापुरतं, पत्रापुरतं. बोलताना ‘व्हेअर आर यू गोइंग?’ला ‘टू ऐरोली’ एवढंच उत्तर इंग्रज माणूसही देतो. तिथे मुलाला अडवून ‘फुल सेंटेन्समध्ये सांग’ म्हणू नका प्लीज, नाहीतर तो बोलायचाच बंद होईल.