फ्रेड ॲस्टेअरचा एक तास

शनिवार, रात्री उशिरा

आज जेवणे उरकल्यावर हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड ॲस्टेअर याचा ‘ॲन ईव्हनिंग विथ फ्रेड ॲस्टेअर’ हा तासाभराचा कार्यक्रम मधे न थांबता पाहिला. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने 17 ऑक्टोबर 1958 रोजी तो बरबँक येथील स्टुडिओतून थेट प्रक्षेपित केला, तेव्हा आपल्याकडे दूरचित्रवाणी यायची होती. दिल्लीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू व्हायला अजून अकरा महिने होते. क्रायस्लर ही मोटार कंपनी प्रायोजक, बड यॉर्किन दिग्दर्शक, डेव्हिड रोझचा वाद्यवृंद आणि हर्मीस पॅनचे नृत्यदिग्दर्शन.

ॲस्टेअर त्या वेळी 59 वर्षांचा होता. हॉलिवूडच्या संगीतपटांचा बहर ओसरला होता आणि नाचातली जोडीदारीण जिंजर रॉजर्स हिच्याबरोबरचे दहा चित्रपट लोकांच्या आठवणीत जमा झाले होते. अशा वयातला नट छोट्या पडद्यावर आला, की सहसा काय करतो हे आपण अनेकदा पाहिले आहे: गाजलेली गाणी पुन्हा म्हणतो, जुन्या सहकाऱ्यांना बोलावतो, दोन किस्से सांगतो आणि सत्काराला आल्यासारख्या टाळ्या घेऊन जातो. ॲस्टेअरने तो सोपा मार्ग धरला नाही. त्याने बॅरी चेस ही पंचविशीला टेकलेली, फारशी कोणाला ठाऊक नसलेली नर्तकी जोडीला घेतली, ट्रम्पेटवादक जोना जोन्सच्या चौकडीला बोलावले आणि बहुतेक वेळ नवे नाच करून दाखवले. जुन्या गाण्यांची मालिका येते ती अखेरीस. मला तोच भाग सर्वांत सैल वाटला, पण तासभर राबलेल्या माणसाला तेवढी मोकळीक द्यायला हरकत नाही.

‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ या जुन्या ब्लूज गीतावरचा दोघांचा नाच मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. चेस येथे नाजूक सखी म्हणून वावरत नाही. तिच्या हालचालीला धार आहे, आणि आपल्यापेक्षा जवळपास पस्तीस वर्षांनी लहान असलेल्या त्या मुलीपुढे ॲस्टेअर तारुण्याचे सोंग आणत नाही. आपले वजन, आपली लय तो जराही घाई न करता सांभाळतो. त्याचे पंजे अंगाच्या मानाने मोठे होते आणि ते झाकण्यासाठी नाचताना तो मधली दोन बोटे आत दुमडून घेई, असे वाचले होते. एकदा ती सवय माहीत झाली, की नजर पायांवरून सारखी त्या हातांकडे जाते. एवढ्या नावारूपाला आलेला माणूस उतारवयातही आपल्या बोटांची काळजी वाहतो, याची मला गंमत वाटली आणि आदरही वाटला.

नाच दिसतो तो मात्र कॅमेऱ्यामुळे. चित्रपटांच्या दिवसांपासून ॲस्टेअरचा आग्रह होता, की नर्तक चौकटीत आपादमस्तक दिसला पाहिजे आणि नाच शक्यतो तोडू नये. पायांखाली थोडी जमीन, डोक्यावर थोडी मोकळी जागा, आणि मध्ये संपूर्ण माणूस. आजच्या आपल्या नृत्यस्पर्धांत पाऊल उचलले, की दृश्य परीक्षकाच्या डबडबलेल्या डोळ्यांवर जाते आणि पाऊल टेकल्यावर परत येते; मधला नाच प्रेक्षकाने समजून घ्यायचा. त्या काळचे रंगीत कॅमेरे धूड होते, त्यांना प्रखर प्रकाश लागे, आणि कार्यक्रम थेट असल्यामुळे चुकलेले पाऊल पुन्हा घेण्याची सोय नव्हती. एवढ्या अडचणींत त्या मंडळींना जे साधले, ते हाताशी सगळे असताना आपल्याला का साधू नये, हा प्रश्न मी आज कितव्यांदा तरी स्वतःशीच विचारला.

कार्यक्रमाला पुढच्या वर्षी नऊ एमी, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणीची पारितोषिके मिळाली. त्यांपैकी एक अभिनयाचे होते, आणि नाचणाऱ्याने अभिनय कोठे केला, असा वाद पेटला. ॲस्टेअरने ते परत करण्याची तयारी दाखवली. संस्थेने ती स्वीकारली नाही. मला तो वाद पोकळ वाटतो. ज्याने वर सांगितलेला नाच पाहिला आहे, त्याला अभिनय कोठे आहे हे विचारावे लागणार नाही.

हे सारे आज पाहता येते ते एका फितीच्या कृपेने. रंगीत व्हिडिओ टेपवर मुद्रित झालेला हा पहिला मोठा कार्यक्रम. पाच सेंटीमीटर रुंदीची ती फीत सेकंदाला 38 सेंटीमीटर वेगाने पळत असे, म्हणजे या एका तासाला सव्वा किलोमीटरहून अधिक फीत लागली असणार. पुढे मुद्रणाची पद्धत बदलली आणि नव्या यंत्रांना ती जुनी फीत वाचता येईना. 1988 मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी एड राइटन, डॉन केंट आणि डॅन आइनस्टाइन यांनी ती आधुनिक फितीवर उतरवली आणि जेथे ती खराब झाली होती, तेथे पडद्यावरून चित्रित केलेल्या जुन्या फिल्मचे तुकडे बसवले. या कामालाही एमी मिळाले. आपल्या दूरदर्शनवर महाग टेप पुसून पुन्हा वापरण्याची जी रीत होती, तिच्यात मुंबई केंद्राचे काय काय गेले असेल, याचा विचार करून जीव हळहळतो.

यानंतर ॲस्टेअरने 1959, 1960 आणि 1968 मध्ये असे आणखी तीन कार्यक्रम केले. चारहींत बॅरी चेस आहे. 1960 च्या कार्यक्रमात जॅझवादक काउंट बेसीचा वाद्यवृंद आहे, आणि शेवटच्यात 68 वर्षांच्या या गृहस्थाने सायमन आणि गारफंकल या तरुण गायक जोडीला पाहुणे म्हणून बोलावले होते. आधी बेसीचा पाहीन. बेसीच्या ठेक्यावर चेस कशी नाचते, याची मला अधिक उत्सुकता आहे.