काळे चिरे

बर्लिनमध्ये राहून मराठी पाहुण्यांना शहरं दाखवायचं काम मी गेली सहा वर्षं करते. पाहुणे म्हणजे बहुतेक वेळा इथं नोकरी करणाऱ्या मुलामुलींचे आईवडील. व्हिसा नव्वद दिवसांचा, मुलांना रजा मोजून, आणि घरी बसून आईबाबा कंटाळलेले. मग कुणीतरी माझा नंबर देतं. सात-आठ जणांचा गट करून मी त्यांना पोट्सडाम, लायप्झिग, ड्रेस्डेन असं एकेका दिवसात फिरवून आणते.

त्या बुधवारी ड्रेस्डेन होतं. मे महिना होता, पण सकाळी चांगलाच गारठा होता. गटात आठ जण. त्यातलं एक जोडपं किल्लारीच्या जवळच्या एका गावचं होतं. मुलानं आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, "बाबा फार बोलत नाहीत. काही हवं-नको ते आईलाच विचारत जा." काका सत्तरीचे, डोक्याला टोपी, हातात पिशवी. दोन तासांच्या रेल्वेप्रवासात ते खरोखरच एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी मात्र सगळ्या डब्याला शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी वाटली.

ड्रेस्डेनला मी पहिल्यांदा सगळ्यांना राजवाड्यातल्या खजिन्यात नेते. 'ग्र्यूनेस गेव्होल्बे' म्हणजे हिरवी दालनं. तिथं एका काचेच्या पेटीत औरंगजेबाचा दरबार आहे. राजा ऑगस्टच्या पदरी असलेल्या डिंगलिंगर नावाच्या सोनारानं भावांना हाताशी धरून 1701 ते 1708 अशी वर्षं खपून तो घडवला. सोन्याचा, मिन्याचा, हजारो हिरे जडवलेला. मधोमध चिमुकला बादशहा, भोवती सव्वाशेच्या वर माणसं, हत्ती, घोडे, नजराणे. डिंगलिंगरनं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. प्रवाशांची वर्णनं वाचून त्यानं हे सगळं उभं केलं. तो इथं सोन्याचा औरंगजेब घडवत होता, तेव्हा खरा औरंगजेब ऐंशी ओलांडून गेलेला, सह्याद्रीत एकेका किल्ल्यासाठी झुंजत होता आणि समोर ताराबाई होत्या. 1707मध्ये तो अहमदनगरला मेला. इथला दरबार पुरा व्हायला अजून वर्ष जायचं होतं. हे सांगताना मला दर वेळी बरं वाटतं आणि मराठी माणसाचा चेहरा त्या पेटीसमोर बदलतो, तोही बघायला आवडतो. नगरचे एक निवृत्त शिक्षक पेटीभोवती तीन फेऱ्या मारून आले. काका मागं उभे राहून खिडकीच्या कमानीकडे बघत होते.

जेवणानंतर आम्ही नॉयमार्क्ट चौकात आलो. समोर फ्राउएनकिर्श. हे चर्च मी जितक्यांदा बघते तितक्यांदा नव्यानं बघते. पिवळसर पांढऱ्या भिंतीत मध्येच काळे चिरे, कुठं एकटा, कुठं चार मिळून, आणि एका बाजूला तर अख्खा काळा पट्टाच. वर प्रचंड दगडी घुमट, कळसापर्यंत एक्क्याण्णव मीटर. गेओर्ग बेअर नावाच्या सुतारकाम शिकलेल्या माणसानं अठराव्या शतकात बांधलेला. 1945च्या फेब्रुवारीत, 13 तारखेच्या रात्री शहरावर बॉम्ब पडायला लागले. चर्चवर थेट बॉम्ब पडून ते कोसळलं असं नाही. आत आग शिरली, आधाराचे दगडी खांब तापत राहिले आणि 15 तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला घुमट खाली बसला. पुढं पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा चाळीस-पंचेचाळीस वर्षं तसाच चौकात पडून राहिला. भिंतींचे दोन सुळके तेवढे उभे होते.

मृतांचा आकडा सांगताना मी फार जपून सांगते. नाझी प्रचारयंत्रणेनं तेव्हा तो कित्येक पटींनी फुगवला होता आणि फुगवलेला आकडा आजही काही लोक मुद्दाम वापरतात. इतिहासकारांच्या समितीनं 2010मध्ये तपासून तो जास्तीत जास्त 25,000 ठरवला, तोच मी सांगते. युद्ध कुणी सुरू केलं, याच शहरातलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर 1938मध्ये कुणी जाळलं, तेही सांगते. आणि मग शेवटी माझं ठरलेलं वाक्य: "हे जे काळे दगड दिसतात ना, ते त्या रात्रीच्या आगीत जळलेले आहेत. तेच शोधून परत बसवलेत."

"जळल्याला दगड असा नसतोय, ताई."

मी वळून बघितलं. काका भिंतीपाशी गेले होते. एका काळ्या चिऱ्यावर तळहात ठेवून उभे होते. मग त्यांनी हात उलटा करून मला दाखवला. स्वच्छ होता.

"काजळी आसती तर हाताला लागली आसती, न्हाईतर इतक्या पावसात धुऊन गेली आसती. ह्यो रंग वरून बसल्याला न्हाई, आतून आलाय. अन् जळका दगड भिंतीत कोण लावंल? आगीत दगड तांबूस पडतो, ठिसूळ होतो. वाजवला की कळतंय." मग म्हणाले, "नाणं हाय का?"

मी पन्नास सेंटचं नाणं दिलं. चर्चच्या बाहेर मूळ बांधकामाचा एक अवाढव्य तुकडा ठेवला आहे, त्याला हात लावता येतो. काका तिथं गेले आणि नाण्याच्या कडेनं हलकेच टकटक करत, कान जवळ नेऊन, एकेका जागी थांबत पुढं सरकले. "हितं खणखण वाजतंय बगा. आन् हितं बद्द. हितं आत चीर हाय." मी कान लावला. खरंच वेगळा आवाज होता. सहा वर्षांत मी शेकडो लोकांना त्या तुकड्यासमोर उभं करून फोटो काढले होते. तो वाजतो हे मला माहीत नव्हतं.

काकू हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "गवंडी होते. भूकंपापस्तोर दगडाचंच काम केलं. मग न्हाई. मग नुसतं वीट-सिमेंट."

एक वाजता चर्चची दारं उघडली. आत एक वयस्कर स्वयंसेविका बसलेल्या असतात. मी गटाला बाकांवर बसवलं आणि थेट त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. एल्बे नदीच्या खोऱ्यातला हा वालुकाश्म. त्याच्यात लोह असतं. हवा-पाण्याशी गाठ पडली की वर्षानुवर्षांत ते पृष्ठावर येऊन काळं पडतं. चर्च कोसळायच्या आधीही काळवंडलेलंच होतं. आज पांढरे दिसणारे नवे दगडसुद्धा हळूहळू काळे होत जाणार आहेत. जळून कमकुवत झालेले दगड वापरलेलेच नाहीत. ताकद तपासूनच चिरे निवडले.

मी गटासमोर परत आले आणि म्हटलं, मी मघाशी चूक सांगितलं, काका बरोबर आहेत. मला कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं जाणवत होतं. मृतांच्या आकड्यासाठी मी अहवाल शोधून वाचले होते आणि दगडाचं मात्र कुणाकडून तरी ऐकलं, शोभून दिसलं, म्हणून इतकी वर्षं सांगत आले.

बाईंना मी काकांबद्दल सांगितलं. त्या उठल्या, दुसऱ्या एकाला जागेवर बसवून आम्हाला बाहेर घेऊन गेल्या, जिथं जुना उभा राहिलेला सुळका नव्या भिंतीला मिळतो तिथं. मग त्या बोलत राहिल्या, मी मराठीत सांगत राहिले आणि काका ऐकत राहिले. भिंत पाडायची, साफ करायची असं काम नव्हतं ते. 1993च्या जानेवारीत ढिगारा उपसायला सुरुवात झाली ती उत्खनन करावं तशी. दगड कुठं पडला, कसा पडला याची नोंद, त्याचा फोटो, त्याला नंबर. कुठून पडला असेल हे संगणकावर ताडून बघायचं आणि शक्य तर त्याच जागी परत बसवायचा. असे साडेतीन हजारांहून जास्त जुने चिरे दर्शनी भिंतीत बसले. वेदी तर दोनेक हजार तुकडे जुळवून उभी केली आहे. दारांवरची नक्षी कशी होती हे कळेना, तेव्हा लोकांकडे जुने फोटो मागितले. लग्न लागल्यावर नवरानवरी दारात उभं राहून फोटो काढायची पद्धत होती, त्या फोटोंवरून सुतारांनी दारं घडवली. लोकांच्या देणग्यांतून मोठा पैसा उभा राहिला. 2005च्या 30 ऑक्टोबरला चर्च पुन्हा उघडलं. घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या एका सोनारानं घडवला आहे. त्याचे वडील त्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानदलात वैमानिक होते.

काका मधेच म्हणाले, "कोणतं साल म्हणाल्या?"

"1993."

"त्याच साली आमचं गाव पडलं."

30 सप्टेंबर. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटेचे चार वाजायला आले होते. मी तेव्हा शाळेत होते, बातम्यांत ऐकलं होतं एवढंच. काका भिंतीकडे बघतच सांगत होते, जणू ती भिंतच ऐकते आहे.

"आमच्याकडची भिंत दोन-अडीच फुटांची जाड. बघणाऱ्याला वाटावं, ह्याला काय होतंय. पण आतून दोन पापुद्रे आसतेत. ह्या बाजूनं दगड, त्या बाजूनं दगड, मधी चुरा आन् माती. आरपार जाणारा एकबी दगड न्हाई. वर माळवद, पांढऱ्या मातीचा हातभर थर. भिंत हालली की दोन्ही पापुद्रे दोन दिशांला, आन् माळवद सगळं खाली." थोडं थांबून म्हणाले, "घर मीच बांधलं होतं. आई त्याच घरात होती."

काकूंनी पदर तोंडाला लावला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. शेवटच्या दोन वाक्यांना मला वेळ लागला.

"पुढं सरकारी माणसं आली. भिंतीत जागोजाग आरपार लांब दगड घालायचा, घरभर पट्टा फिरवायचा, असं शिकवून गेली. सोपं होतं हो. दहा मिनटांत कळण्यासारखं." काकांनी बोटांनी एकमेकांत खाच करून दाखवलं. "आधी कुणी सांगितलंच न्हाई. माझ्या गुरूला ठावं नव्हतं, त्याच्या गुरूलाबी नव्हतं."

बाईंनी विचारलं, तुमच्याकडं दगडांचं काय झालं?

"आमी दगड मोजले न्हाईत," काका म्हणाले. "माणसं मोजली. दगड ट्रॅक्टरनं ओढ्यात नेऊन टाकले. गाव दुसरीकडं बसवलं. दगडाच्या घरात झोपायला कुणी तयार नव्हतं."

बाईंनी हे ऐकून मान हलवली. त्यांनी काकांचा हात धरून भिंतीवर एका जागी नेला, जिथं काळा चिरा आणि पांढरा चिरा शेजारी शेजारी होते. काळ्याची कोर झिजलेली, एका टोकाला टवका उडालेला. पांढऱ्याची कोर सुरीसारखी. मधली दर्ज इतकी बारीक की नखही शिरेना. काकांनी बोट त्या दर्जेवरून खाली सरकवत नेलं, पुढच्या थरावर, तिथून पुढच्या. "ओळंब्यात हाय," ते म्हणाले. "जुन्याला धरून नवं ओळंब्यात आणणं लई अवघड. जुनं बसल्यालं आसतंय, नवं बसायचं आसतंय. ज्यानं केलं त्याला भेटायला पायजे होतं."

बाकीचा गट तोवर कंटाळेल अशी मला धास्ती होती. कार्यक्रमात पुढं फ्युर्स्टेनझुग होतं, तेवीस हजारांच्या आसपास चिनी मातीच्या फरशांची ती शंभर मीटर लांब राजेमंडळींची मिरवणूक, आणि राफाएलनं काढलेलं मॅडोनाचं चित्र. पण कुणी हललं नाही. नगरच्या शिक्षकांनी तर वही काढून काकांचं बोलणं टिपून घेतलं. मॅडोना आम्ही सोडून दिली. मिरवणूक स्टेशनला जाताना चालता चालता बघितली.

निघण्यापूर्वी काकांनी माझ्या फोनवर फोटो काढायला सांगितले. मी म्हटलं, उभे राहा दोघं, चर्च मागं येऊ दे. ते नको म्हणाले. हा जोड घ्या, हा टवका घ्या, हितं जवळून घ्या, आता थोडं मागं सरून सगळा थर घ्या. असे अकरा फोटो झाले.

रात्री साडेआठला बर्लिनला उतरल्यावर मी ते मुलाला पाठवले. दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"ताई, चुकून वेगळे फोटो आलेत का? यात आईबाबा कुठंच नाहीत. नुसती भिंत आहे."

"बाबांनीच काढायला लावलेत."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग फोन तसाच चालू ठेवून तो दुसऱ्या खोलीत गेला असावा. दार उघडल्याचा आवाज आला, आणि त्याचा आवाज, "बाबा, हे काय आहे?" आणि मग काकांचा, "बस हितं. सांगतो."

मी फोन ठेवला.