फडताळावरचा सर्व्हर

आमच्या घरात फोन तीन आणि तिन्हींची रड एकच: स्टोरेज भरलंय. आईच्या फोनची तर अर्धी जागा रोजच्या 'शुभ सकाळ'च्या फुलांनी खाल्लेली. गूगल फोटोजने 1 जून 2021 पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली. तेव्हापासून नवे फोटो 15 जीबीच्या हिशोबात धरतात, आणि त्याच 15 जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही. महिन्याला थोडे पैसे भरले असते तर प्रश्न मिटला असता, खोटं कशाला बोलू. पण माझे हात शिवशिवत होते. शिवाय एक निमित्तही होतं. आमची चाळ पुनर्विकासाला निघालीय, खोली पागडीची, आणि आजोबांच्या काळापासूनच्या भाडेपावत्या, लाइटबिलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स एका पत्र्याच्या ट्रंकेत. दर मीटिंगला कुणीतरी नवाच कागद मागतं आणि आई ट्रंक उपसते. म्हटलं, फोटो आणि कागद दोन्ही घरच्याच एका मशीनवर, म्हणजे सदा चालू राहणाऱ्या छोट्या सर्व्हरवर, आणू.

गिरगावात राहिल्याचा फायदा म्हणजे लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर तिथला दुकानदारही क्षणभर थांबेल. ऑफिसांतून निघालेले पुस्तकाएवढे छोटे पीसी तिथे ढिगाने मिळतात. मी घेतला तो सहाव्या पिढीचा आय5, मॉडेलच्या शेवटी 'टी' असलेला, म्हणजे 35 वॅटचा. 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी, साडेआठ हजारांना. "साहेब, याच्यावर गेम नाही चालणार हां," असं दुकानदाराने तीनदा बजावलं. घरी मीटर लावून बघितलं तर पीसी नुसता बसलेला असताना 10 वॅट खातो आणि बाहेरून जोडलेली 4 टीबीची डिस्क 6. म्हणजे महिन्याला साधारण साडेअकरा युनिट. हा आकडा बायकोला आधीच सांगून ठेवला, आणि या सगळ्या प्रकरणात मी दाखवलेली दूरदृष्टी एवढीच.

डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं, प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर चढवणं, यात सांगण्यासारखं काही नाही. एका संध्याकाळचं काम. फोटोंसाठी इमिच घेतलं, कागदपत्रांसाठी पेपरलेस, आईच्या भजनांच्या जुन्या सीडी टीव्हीवर ऐकता याव्यात म्हणून जेलीफिन. जाहिराती अडवायला पाय-होल लावलं होतं (घरातल्या सगळ्या साइटच्या पत्त्यांची चौकशी त्याच्यामार्फत जाते), ते तीन आठवड्यांत काढलं. बायकोला सेलच्या मेसेजमधल्या लिंक उघडेनात, आणि मी काही छेडछाड करायला सर्व्हर बंद केला की घरातलं सगळं इंटरनेट बसायचं. दोन्ही तक्रारी रास्त होत्या.

वेळ खाल्ला तो जुन्या फोटोंनी. गूगलच्या टेकआउटमधून सगळं उतरवता येतं, पण बऱ्याच फोटोंची खरी तारीख शेजारच्या वेगळ्या जेसन फाइलीत बसलेली असते. नुसते फोटो उचलून चढवले तर लेकीचं बारसं कालच्या मंगळवारी झालेलं दिसतं. इमिच-गो नावाचं एक छोटं साधन त्या जोड्या लावून देतं. ते सापडायच्या आधी मी दोनदा सगळं चढवून दोनदा पुसलं होतं. मग चेहरे ओळखायचं काम दोन रात्री चाललं. आई आणि मावशी त्याला एकच बाई वाटली. आईला हे कळल्यावर ती मशीनवर जी नाराज झाली ती आजतागायत.

पेपरलेसमध्ये कागद स्कॅन करून टाकला की त्याच्यातलं टेसरॅक्ट नावाचं साधन त्यातली अक्षरं वाचतं, आणि त्याला मराठी येतं, फक्त सेटिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा सांगाव्या लागतात. छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतं. आमच्या पावत्यांवर 'भाडेकरूचे नाव' एवढं छापील, ते अचूक. त्यापुढे शाईने लिहिलेलं आजोबांचं नाव म्हणजे रेघोट्या आणि अनुस्वारांची रांगोळी. शेवटी आई पावत्या एकेक करून उलगडत वाचायला बसली आणि मी टाइप करायला. "बहात्तर, जून. अठरा रुपये." मग थोडं थांबून, "हे अठरासुद्धा उशिरा भरलेत बघ, मागे लिहिलंय." चार रविवार लागले. आता मीटिंगमध्ये कुणी 1980च्या आधीचा पुरावा मागितला की मी खिशातून फोन काढतो.

मीटिंगमध्ये, म्हणजे घराबाहेर. तिथपर्यंत पोचायला मात्र वेगळीच लढाई झाली. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायची कृती सगळीकडे लिहिलेली असते. मी ती दोन संध्याकाळ शब्दशः केली आणि बाहेरून काहीच उघडेना. मग लक्ष गेलं की राउटरला मिळालेला पत्ता 100.7x असा काहीतरी आहे आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता भलताच. 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्यांनी आतल्या आत वापरायसाठीच राखून ठेवलेला आहे. आयपीव्ही4 चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते पुरत नाहीत, म्हणून कितीतरी घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. याला सीजीनॅट म्हणतात. आमच्या चाळीसारखंच आहे ते: आतला माणूस बाहेर जाऊन आपल्या खोलीत बरोबर परत येतो, पण बाहेरच्या पाहुण्याला दिंडीदरवाज्यावर खोली नंबर सांगणारं कुणी नाही. मी माझ्या राउटरमध्ये कितीही दारं उघडली तरी दिंडीदरवाजा कंपनीचा. ग्राहकसेवेला फोन केला. पलीकडच्या मुलीने "सर, राउटर बंद करून चालू करा" हे दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा स्थिर पत्ता हवा तर बिझनेस प्लॅन घ्या म्हणाली.

त्यावर उपाय म्हणून टेलस्केल घेतलं, आपल्याच मशीनांचं खासगी जाळं बनवणारी सेवा. ते आतून वायरगार्ड नावाचा कुलूपबंद बोगदा वापरतं, आणि दोन्ही बाजू आपणहून बाहेर पडून एकमेकांना गाठतात, त्यामुळे कुणाला आत शिरायची परवानगी मागावी लागत नाही. गंमत म्हणजे तेही आपल्या मशीनना पत्ते देतं ते त्याच 100.64च्या पट्ट्यातले. दहा मिनिटांत चालू झालं. दोन संध्याकाळींचा राग मी त्या दहा मिनिटांवर काढला.

आधी सर्व्हर पोटमाळ्यावर होता. मे महिन्यात डिस्कचं तापमान 54 अंश दिसायला लागलं. वर पत्रा, पंख्याची हवा तिथे पोचत नाही. तो खाली आणून फडताळावर ठेवला, तर 43 वर आला. पण तिथे प्लग एकच. त्यात छोटा यूपीएस, यूपीएसवर पीसी आणि राउटर. मोठ्या डिस्कचा अडॅप्टर यूपीएसच्या तोंडात बसेना, म्हणून तो शेजारच्या बोर्डावर, जिथे टीव्ही आणि आईचा रेडिओ. बॅकअपची छोटी डिस्क यूएसबीवरच चालणारी, तिला वेगळा प्लग लागत नाही. ही मांडणी लक्षात ठेवा.

गणपतीला गावी गेलो. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अरे, फोटो जात नाहीयेत." मला वाटलं रेंज. विहिरीपाशी जाऊन बघितलं, रेंज होती, सर्व्हर नव्हता. टेलस्केलच्या पानावर त्याच्या नावापुढे 'मुदत संपली' असं लिहिलेलं. प्रत्येक मशीनची चावी, आपण काही बदललं नसेल तर, 180 दिवसांनी बाद होते. मी लावलं मार्चात. सहा महिने बरोबर गणपतीत भरले. फोटो फोनमध्ये सुखरूप होते, म्हणून जिवाला घोर नव्हता, पण विसर्जनापर्यंत सासऱ्यांनी दोनदा विचारलं, "तुमचं ते मुंबईचं मशीन उठलं का?" मुंबईत आल्यावर सर्व्हरपुरती मुदत काढून टाकली.

आणि मग परतीचा पाऊस.

आमच्या आईचा नियम आहे: विजा चमकायला लागल्या की घरातली सगळी बटणं बंद. लहानपणापासून बघतोय. त्या संध्याकाळी मी ऑफिसात होतो. तिने टीव्हीचा बोर्ड बंद केला आणि त्याबरोबर मोठी डिस्क गेली. पीसी यूपीएसवर, तो चालूच. थोड्या वेळाने चाळीचीच लाइट गेली, यूपीएस वीस मिनिटांत संपला, पीसी बंद पडला. लाइट आल्यावर तो आपोआप सुरू झाला, कारण बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, तशी सोय मीच करून ठेवली होती. टीव्हीचं बटण मात्र बंदच. आणि डिस्क सापडली नाही तरी अडून राहू नकोस, हेही मीच एफएसटॅब या डिस्क जोडायच्या यादीत 'नोफेल' लिहून सांगितलेलं. तेव्हा मशीन निमूटपणे उठलं. जिथे डिस्क जोडली जायची तिथे आता एसएसडीवरचा रिकामा फोल्डर.

इमिचने निदान शहाणपणा दाखवला. आपल्या फोल्डरांमध्ये तो खुणेची एक बारीकशी फाइल ठेवतो. ती दिसली नाही म्हणून सुरूच झाला नाही. रोज बॅकअप घेणाऱ्या माझ्या स्क्रिप्टला एवढी अक्कल मी दिली नव्हती. रात्री तीन वाजता आरसिंक हे प्रत काढणारं साधन चालायचं, 'डिलीट' लावून, म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढ. मूळ जागी काहीच नव्हतं. त्याने इमानेइतबारे बॅकअपही तसाच केला.

सकाळी चहा घेताना अ‍ॅप उघडेना म्हणून लॅपटॉप घेतला. आधी मूळ फोल्डर बघितला: रिकामा. मग बॅकअप: 0. तो आकडा बघितल्यावर पोटात जे काही झालं ते लिहून सांगता येणार नाही. कप तसाच ठेवला. बायकोने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. दहा मिनिटं मी लॉग, म्हणजे स्क्रिप्टने केलेल्या कामाची नोंद, वाचत होतो, 340 जीबींची फाइलवार पुसापुशी, लेकीच्या बारशाच्या फोल्डरसकट. मोठी डिस्क यादीतच दिसत नव्हती, म्हणजे मेली असणार, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो.

"टीव्ही लावू का रे? बातम्या लागल्या असतील," आई म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

फडताळावर डिस्क गुरगुरली.

सगळं होतं. एकही फोटो गेला नव्हता, कारण मूळ डिस्कला कुणी हातच लावला नव्हता. पण त्या तासात त्या फोटोंची जगात एकच प्रत होती, आणि ती टीव्हीच्या बटणावर चालत होती. बॅकअप पुन्हा भरायला अडीच तास लागले. तेवढा वेळ मी बोर्डापाशी खुर्ची टाकून बसलो आणि ऑफिसात तब्येतीचं कारण सांगितलं.

त्याच आठवड्यात स्क्रिप्ट बदलली. पहिल्याच ओळीत आता तपासणी आहे की डिस्क खरोखर जोडलेली आहे का. नसेल तर तिथेच थांबायचं आणि मला मेसेज टाकायचा. आरसिंक काढून रेस्टिक आणलं, ते रोजची वेगळी आवृत्ती राखतं, म्हणजे आजचा रिकामेपणा कालच्या फोटोंवर बसत नाही. डेटाबेसची प्रतही त्यात जाते; आधी मी नुसते फोटोच ठेवत होतो, आणि अल्बम, चेहऱ्यांची नावं हे सगळं डेटाबेसात असतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं. एक तिसरी डिस्क बहिणीकडे पार्ल्याला असते. महिन्यातून एका रविवारी ती चर्नी रोडहून स्लो लोकलने जाते-येते, डब्याच्या पिशवीत. रेस्टिक सगळं कुलूपबंद करून ठेवतं, त्यामुळे पिशवी गाडीत राहिली तरी फोटो कुणाला दिसणार नाहीत. दर वेळी तिकडे गेलो की वीस-पंचवीस फाइली उलट काढून उघडून बघतो. मेहुण्यांना हा वेडेपणा वाटतो, पण चहा मिळतो.

मोठ्या डिस्कसाठी यूपीएसला बसेल असा तोकडा एक्स्टेंशन आणला, 120 रुपये. यूपीएसच्या प्लगच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि आईला म्हटलं, एवढं एक सोडून बाकी सगळं खुशाल बंद कर. तिने पट्टीवर स्वतःच्या अक्षरात 'बंद करू नये' लिहिलं.

परवा पुन्हा गडगडायला लागलं. तिने टीव्ही बंद केला, फ्रीज बंद केला, मिक्सरचा प्लग काढला, आणि त्या बटणापाशी येऊन थांबली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"पेटलं तर मला सांगू नकोस," म्हणाली आणि देवापुढचा दिवा लावायला गेली.