‘खरे पूरग्रस्त कुठं आहेत?’

आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी चढण्याचं कुणी फारसं भय घेत नाही. नृसिंहवाडीला नदी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडली की दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, लोक मुद्दाम अंघोळीला जातात. २०१९ च्या ऑगस्टची सुरुवातही तशीच झाली होती. मग आकडे पळायला लागले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ च्या पुढं गेली. सांगलीत आयर्विन पुलाला ४५ फुटांना धोका, तिथं कृष्णा ५७ च्या वर. पुराच्या दिवसांत आमच्याकडे ‘जेवलीस का’च्या आधी ‘किती फुटांवर आलंय’ विचारतात. त्या वर्षी तेही विचारायचं लोकांनी सोडून दिलं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गाव उंचावर, म्हणून कोरडं राहिलं आणि शाळेची छावणी झाली. वर्गातली बाकं पटांगणात शेडखाली रचली, पोषण आहाराच्या चुलीवर मोठी पातेली चढली आणि माझ्या हातात मस्टर आलं. नाव, गाव, कुटुंबातली माणसं, आधार नंबर, रेशनकार्ड नंबर. मुलांची हजेरी घ्यायची सवय, म्हणून काम माझ्याकडं.

पहिले चार दिवस आठवले की अजून भरून येतं. आजूबाजूच्या गावांतून दुरड्या भरभरून भाकरी यायच्या, वर खर्डा नाहीतर शेंगदाण्याची चटणी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी फोटो काढला नाही. बारा तारखेला बकरी ईद होती. गल्लीतल्या पोरांनी कुर्बानीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून तांदूळ आणि तेलाचे डबे आणून दिले आणि पातेलं घासायला बसली. संध्याकाळी वरांड्यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद रंगायचा. घरात छातीएवढं पाणी असलेली माणसं धरणाच्या पाण्याचा हिशेब तावातावानं मांडायची. त्यातही बरं वाटायचं.

सांगायचं आहे ते चौदा तारखेचं.

तोवर बाहेरच्या गाड्या यायला लागल्या होत्या. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि कपडे. कपडे इतके की सहावीचा वर्ग अर्धा भरला. त्यात काय नव्हतं? लग्नातली शेरवानी होती, टाय होते, एका पायाचे बूट होते, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या जीन्स होत्या. साठीच्या बायका त्या उचलून बघायच्या आणि खुदकन हसायच्या. आतले कपडे आणि पाळीचे पॅड एकाच गाडीतून आले. त्या गाडीत बाया होत्या. मीसुद्धा घरातलं एक बोचकं त्या ढिगात टाकलं होतं. कपाट रिकामं झालं म्हणून बरं वाटलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

सकाळी आठला वर्गात गेले तर ढिगात कंबरेएवढी शिरलेली एक बाई. पालावरची. नदीकाठच्या गायरानात त्यांची सात-आठ पालं असायची. बाया डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरायच्या, जुने कपडे घ्यायच्या, स्टीलची भांडी द्यायच्या. पुण्यामुंबईत बोहारीण म्हणतात, आमच्याकडं भांडीवाली. पाणी आलं तशी ती माणसं ताडपत्र्या गुंडाळून चालत शाळेत आली होती आणि मागच्या वरांड्यात राहिली होती. तिथंच का, तर वर्गातल्या लोकांनी आत घेऊ दिलं नाही म्हणून. ‘रात्री काय जाईल सांगता येत न्हाई,’ हे बोलणारे चोर-दरोडेखोर नव्हते, चांगले बागायतदार होते, स्वतः नेसत्या कपड्यांनिशी आलेले. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो हे परगावच्या माणसाला सांगताना आमची छाती फुगते. पालावरच्याला वर्गात जागा द्यायची म्हटली की तीच छाती आखडते. मीही तेव्हा काही बोलले नव्हते.

तिला ढिगात बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ए, ठेव ते! विकायला नेतीस होय?”

तिनं वर बघितलं. राग नाही, काही नाही. म्हणाली, “कुबट वास सुटलाय बाई. आज पसरलं न्हाई तर उद्या समदं फेकावं लागंल.”

ती खरंच वास घेत होती. हाताला कापड लागलं की सुती की टेरिकॉट ते कळत होतं तिला. दोन तासांत बारक्या पोरांचं, गड्यांचं, बायकांचं, आणि ‘पुसायला’ असे चार ढीग झाले. पुसायचा ढीग सगळ्यांत मोठा होता. आम्ही तीन शिक्षक चार दिवस त्या खोलीला कुलूप लावून बसलो होतो.

दुपारी एक टेम्पो आला. रात्रभर वाट काढत आलेली आठ-दहा पोरं, डोळे तांबारलेले. दीडशे किट होते: तांदूळ, डाळ, तेल, साबण, चादर. वर्गणी काढून, ऑफिसात रजा टाकून आलेली पोरं होती, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. फक्त त्यांना स्वतःच्या हातानं वाटायचं होतं. मी रांग लावली. रांगेत एक काकू होत्या, खिद्रापूरकडच्या. गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र, हातात पाटल्या. म्हशींची दावी विळ्यानं कापून त्यांना पाण्यात सोडून आल्या होत्या. रात्री झोपेत त्या म्हशींना हाका मारायच्या.

एका पोरानं मला बाजूला घेतलं. “मॅडम, ही मंडळी खात्यापित्या घरची दिसतात. खरे पूरग्रस्त कुठं आहेत?”

आवाज हळू होता, पण वर्ग लहान होता. काकूंनी पाटल्यांवर पदर ओढला. मग कुणाकडंच न बघता म्हणाल्या, “अंगावर होतं तेवढंच ऱ्हायलंय बाळा.” आणि रांगेतून बाहेर पडल्या. मी हाक मारली, त्या वळल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा रांगेला उभी राहिलेली बाई होती ती. तिला तिथं उभं करायला मला सकाळपासून समजूत काढावी लागली होती.

पोरगं ओशाळलं. मी त्याला मागच्या वरांड्यात नेलं. म्हटलं, ही बघा, यांच्याकडं तर काहीच नाही. त्यानं ताडपत्र्या बघितल्या, उघडीनागडी पोरं बघितली, भांड्यांच्या पाट्या बघितल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “पण मॅडम, हे तर रोजच असे राहतात ना?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण आठ वाजता मी त्याच्याहून वेगळं काही बोलले नव्हते.

मग आधार कार्डं बघणं झालं. पालावरच्यांची कार्डं होती, पण पत्ता सोलापूर जिल्ह्यातला. “म्हणजे इथले नाहीत.” दोन कुटुंबांत एक किट, असा तोडगा निघाला. तीसेक किट उरले. ते घेऊन टेम्पो पुढच्या गावाला गेला, खरे पूरग्रस्त शोधत.

काकूंचा वाटा मी संध्याकाळी नेऊन दिला. घेतला त्यांनी. शेजारी भांडीवालीनं निवडलेल्या ढिगातलं एक सुती लुगडं ठेवलं होतं, ते उलटसुलट करून बघितलं, काठ धरून ओढलं. “चांगलं काढलंय,” म्हणाल्या. मला वाटलं, आता काहीतरी होईल. झालं एवढंच की दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आटोपल्यावर त्याच काकू माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, “बाई, मागल्या लोकांचं पाण्याचं पिंप तेवढं येगळं करा की.”

नाही केलं. पण ‘नाही करणार’ असं स्पष्ट सांगितलंही नाही. दुसरं पिंप शिल्लक नाही, असं सांगून वेळ मारून नेली.

पुढं पंचनामे झाले. पूर ऐन भरात असताना शासन निर्णय फिरत होता: घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. त्यावर फार ओरड झाली. नंतर सानुग्रह अनुदान ठरलं, खेड्यात दहा हजार, शहरात पंधरा. त्यातले पाच हजार रोख हातात. काकूंना मिळालं. पालावरच्यांसाठी मी तलाठी भाऊसाहेबांकडं मस्टर घेऊन गेले. गावाच्या रकान्यात मी ‘नदीकाठ’ लिहिलं होतं. ते माणूस म्हणून भले होते. चष्मा काढून म्हणाले, “बाई, मला कळतंय. पण पंचनामा कशाचा करू? घर नंबर न्हाई, भिंत न्हाई. बांबूचा करू?” नदीनं तर बांबूही ठेवले नव्हते.

दिवाळीच्या आधी साफसफाई काढली होती. दारात ओळखीची हाक आली. पाटी नवी होती, भांडी मात्र थोडीच. मला ओळखलं तिनं, पण शाळेचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. एका पातेल्यावर माझं मन बसलं. साड्या दिल्या, ह्यांच्या दोन पँटी दिल्या. ती म्हणाली, “आणि एखादं टाका की.” मी आतून एक सलवार आणून दिली. तिनं ती उजेडाकडं धरली, शिवणीत बोट घातलं आणि घडी करून माझ्याच उंबऱ्यावर परत ठेवली.

“हे नगं बाई. इरलंय.”