नाथ पैंची लोकसभेतील भाषणे शोधताना

बॅरिस्टर नाथ पै यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०२२ साली निघणार असलेल्या एका स्मरणिकेसाठी त्यांच्या लोकसभेतील सहभागाचा तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. संपादकांची अपेक्षा साधी होती: भाषणे किती, प्रश्न किती, विधेयके किती. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा राजापूर मतदारसंघातून निवडून आले होते आणि लोकसभेच्या कामकाजाचे जुने खंड आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे हे पंधरा दिवसांचे काम आहे असे मी सांगून बसलो. प्रत्यक्षात चार महिने लागले, आणि शेवटी जे हाती आले त्याला तक्ता म्हणणे मला जमले नाही.

पहिली अडचण शोधाचीच होती. हे खंड छापील पानांची छायाचित्रे घेऊन संगणकावर चढवलेले आहेत. पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक पानांना नसून स्तंभांना असतात. शाई फिकी पडलेली असली की यंत्राला अक्षरे नीट वाचता येत नाहीत, आणि 'पै' हे आडनाव तर इतके लहान की एक अक्षर बिघडले तरी ते शोधातून निसटते. उलट बाजूने, सभागृहातील दुसऱ्या कोणी त्यांचा उल्लेख केला असला तरी ते पान निकालात येते. शेवटी उपयोगी पडली ती कार्यवृत्तातील एक जुनी पद्धत. सदस्य बोलायला उभा राहिला की त्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ छापलेला असतो. म्हणून मी नावाऐवजी 'राजापूर' शोधू लागलो, आणि नावाने न सापडलेली बरीच पाने त्या एका शब्दाने सापडली.

तारखांनीही फसवले. खंडांमध्ये समोरासमोरच्या पानांपैकी एकाच्या माथ्यावर इंग्रजी तारीख असते, तर दुसऱ्याच्या माथ्यावर शक संवत्सराची. एका पानावर मी 'चैत्र १७, १८८९' असे वाचले आणि घरातल्या पंचांगाच्या सवयीने चैत्रातली तिथी मोजायला बसलो. सरकारी दिनदर्शिकेतला चैत्र गुढीपाडव्याला नव्हे, तर २२ मार्चला सुरू होतो (लीप वर्षी २१ मार्चला), हे शाळेत शिकलेले पूर्ण विसरलो होतो. ती तारीख ७ एप्रिल १९६७ होती, आणि नेमकी तीच या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची तारीख निघाली. तिच्याकडे पुढे येतो.

खरा घोटाळा माझ्याच हातून झाला, तो प्रश्नांच्या बाबतीत. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नाखाली नाथ पैंचे नाव दिसले की मी एक प्रश्न मोजत होतो. दुसऱ्या महिन्यात कधीतरी एका खंडाच्या सुरुवातीची बारीक अक्षरातली टीप नीट वाचली. ज्या सदस्याच्या नावावर अधिकचे चिन्ह आहे, त्याने तो प्रश्न सभागृहात प्रत्यक्ष विचारला, असे ती सांगत होती. एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या असतील तर त्या एकत्र करून सर्वांची नावे एकाखाली एक छापली जातात; शिवाय प्रश्नोत्तराच्या तासात ज्या प्रश्नांची पाळी येत नाही, ते लेखी उत्तरांच्या विभागात जातात आणि तिथेही नावे राहतातच. म्हणजे मी मोजलेल्या प्रश्नांतले कित्येक त्यांनी उच्चारलेच नव्हते. याउलट, दुसऱ्याच्या प्रश्नावर उठून विचारलेले त्यांचे पुरवणी प्रश्न मी सरळ सोडून दिले होते, कारण यादीत त्यांचे नाव नव्हते. तोवर भरलेल्या दोन वह्या बाजूला ठेवून मी पुन्हा १९५७ पासून सुरुवात केली.

दुसऱ्या फेरीत मी मोजणे जवळजवळ थांबवले आणि वाचू लागलो. पुरवणी प्रश्न वाचायचा तर आधी मंत्र्यांचे उत्तर वाचावे लागते, आणि उत्तरातला नेमका कोणता शब्द सदस्याने पकडला आहे ते पाहावे लागते. एका वाक्याचा हरकतीचा मुद्दा कधी सगळ्या चर्चेची दिशा बदलतो, आणि तासाभराच्या भाषणानंतर कधी काहीच हलत नाही. कार्यवृत्तात 'व्यवधान' एवढाच शब्द छापलेला असतो, तिथे काय गदारोळ झाला असेल ते पुढच्या दोन-तीन वाक्यांवरून ताडावे लागते. अध्यक्षांनी वगळायला लावलेल्या शब्दांच्या जागी तर नुसत्या फुल्याच उरतात. नाथ पैंच्या वक्तृत्वाबद्दल कोकणात आजही लोक भरभरून बोलतात. छापील पानावर आवाज ऐकू येत नाही हे खरे, पण त्यांच्या भाषणात मध्येच कोणी टोकले तर ते उत्तर देऊन पुन्हा मूळ धाग्यावर कसे येतात, हे पानावरच अधिक स्पष्ट दिसते.

आता त्या ७ एप्रिलकडे. तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारच्या कामकाजाचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी, राखलेले असतात. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मताने निर्णय दिला होता की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पूर्ववत प्रस्थापित करण्यासाठी घटनादुरुस्तीविषयीच्या कलम ३६८ मध्ये दुरुस्ती सुचवणारे विधेयक नाथ पैंनी मांडले, तेही सरकारच्या वतीने नव्हे, विरोधी बाकावरचा प्रजासमाजवादी सदस्य म्हणून. ते संयुक्त समितीकडे गेले, परत आले, आणि चर्चा शुक्रवारांच्या त्या अपुऱ्या तासांत तुकड्या-तुकड्यांनी होत राहिली. एका दिवशी वेळ संपला म्हणून अर्धवट राहिलेले भाषण पुढे कोणत्या खंडात सुरू झाले, हे शोधण्यातच माझा सर्वाधिक वेळ गेला.

मी त्यांचा चाहता म्हणूनच या कामाला बसलो होतो. तरी विधेयकाला विरोध करणाऱ्यांची भाषणे ओळीने वाचल्यावर माझी खात्री थोडी डळमळली, हे कबूल केले पाहिजे. बहुमताच्या हाती मूलभूत हक्क सोपवावेत का, हा त्यांचा प्रश्न आणीबाणी पाहिलेल्या माणसाला सहज झटकून टाकता येत नाही. नाथ पैंचे उत्तर असे की जनतेने निवडलेल्या संसदेवर अविश्वास दाखवून लोकशाही टिकत नाही. केवळ त्यांचीच भाषणे कापून संग्रहात लावली असती तर हा झगडा मला दिसलाच नसता.

ते विधेयक मंजूर झाले नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा विसर्जित झाली, प्रलंबित विधेयके त्याबरोबर व्यपगत झाली, म्हणजे आपोआप बाद झाली, आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. पुढे त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली, तिचा हेतू तोच होता. संपादकांच्या तक्त्यात मात्र या सगळ्याची नोंद 'विधेयक: एक, मंजूर: शून्य' अशी झाली असती. मी त्यांना आकड्यांऐवजी निवडक चर्चांची टिपणे पाठवली, प्रत्येकीखाली खंड आणि स्तंभ यांचे क्रमांक देऊन. जागेअभावी त्यांनी निम्मी छापली.

काम संपल्यावरही 'राजापूर' हा शोध मी एकदा चालवून पाहिला. १९७१ च्या मार्चपासून निकाल पुन्हा येऊ लागतात; कंसातला शब्द तोच आहे, त्याआधीचे नाव मधु दंडवते.